जालन्याचा नेम

'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी. येथली लष्करी छावणी १९०३ साली मोडली. आज गाव बियाण्यांत नि पोलादात रमलेले. अशा गावी बंदूक कोण आठवतो? पण कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले आणि माझ्या पुतणीने ध्यासच घेतला. वहिनींचा जीव खालीवर! तेव्हा तिच्याबरोबर क्लबात मीच गेलो.

पत्र्याचे छप्पर, दहा मीटरवर कागदी लक्ष्ये. पहिला तासभर पोरीच्या हाती छर्रा म्हणून दिला नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर. 'थांबा' म्हणताच बंदूक रिकामी करून खाली ठेवायची. पुढे माणूस असेतो तिला शिवायचे नाही. आमच्या वर्गात एवढी शिस्त असती तर! दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, पण मास्तरांची नजर पोरीच्या बोटावर.

इतक्यात शेजारचा मुलगा गप्पांच्या भरात बंदुकीसकट वळला. मास्तर ओरडले नाहीत. बंदूक काढून घेतली आणि त्याला दिवसभर बाकावर बसविले.

घरी वहिनींना एवढेच सांगितले. त्यांनी चष्मा शोधला आणि अर्जावर सही केली.