लाइफबोटीसमोरची खोली

आम्ही क्रूझला जाऊन आलो तेव्हापासून निदान दहा-बारा जणांनी मला फोन केला असेल. बहुतेक सगळे आमच्या खाडीकाठचे. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा जावई लंडनला. "सर, पोरं म्हणतात, जहाजाची ट्रिप करून देतो. बुकिंगचं काय ते सांगा." मी जमेल तेवढं सांगतो. पण सांगता सांगता गाडी अब्बांवर येते आणि समोरचा माणूस घड्याळ बघत असणार असं वाटून मी फोन आवरता घेतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

अब्बा खलाशी होते. त्यांची सीडीसी, जिला आमच्याकडे 'नळी' म्हणतात, अजून पत्र्याच्या पेटीत आहे. तेहतीस वर्षं ते डेकवर होते. त्यातली काही वर्षं 'कॅनबेरा'वर. १९६१ साली साउथॅम्प्टनहून ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सफरीवर निघालेलं हे मोठं पांढरं जहाज १९९७ साली पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं. ती बातमी मीच अब्बांना वाचून दाखवली होती. ते काही बोलले नाहीत, अस्रच्या नमाजला उठून गेले.

एवढ्या वर्षांत प्रवासी म्हणून ते जहाजावर चढले फक्त एकदा, १९८३ साली अम्मीला घेऊन हजला गेले तेव्हा. मुंबईहून जिद्दा, खालच्या वर्गातून. समुद्रमार्गे हजची ती सोयही १९९५ नंतर बंद झाली. बाकी जहाज म्हणजे नोकरी. एका जहाजावर (कॅनबेरा नव्हे, दुसरंच) नवीन असताना चुकून प्रवाशांच्या जिन्याने वर आले म्हणून त्यांचा एका दिवसाचा पगार कापला होता. हे त्यांनी मला सांगितलं ते २०२२ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. माझी लेक दुबईहून फोनवर म्हणाली, "दादा, तुम्हाला लक्झरी क्रूझला न्यायचंय." त्यावर अब्बांचं पहिलं उत्तर असं, "दर्यावर जायचे पैसे घेतात. देत नायत." आणि मग रात्री जेवताना ती जिन्याची गोष्ट निघाली.

लेकीने आधी निवडलं होतं ते खरोखरचं ऐशआरामी जहाज. अशी जहाजं तुलनेने लहान असतात, प्रवासी काहीशे, खोल्या जवळपास सगळ्या सुइट, खाणंपिणं, टीप, वायफाय सगळं भाड्यात धरलेलं. याच्या उलट मोठी जहाजं म्हणजे तरंगती शहरं. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर साडेसात हजार प्रवासी मावतात, आमच्या पाच-सहा गावांची वस्ती. लहान जहाजाचं भाडं ऐकून मी गप्प बसलो. मग लक्षात आलं की 'सगळं धरलेलं' या शब्दात शॅम्पेन आणि वाइनही धरलेली आहे. म्हणजे आपण घोटही घ्यायचा नाही, आणि किंमत मात्र मोजायची. मुंबईतला एजंट मला समजावत होता, "सर, फुकटच आहे ते, घेऊ नका." फुकट कसं? भाड्यात आहे ना! मोठ्या कंपन्यांत दारूचं पॅकेज वेगळं असतं, पण तिथेही काही ठिकाणी असा नियम आहे की खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आपल्या घरांत हा प्रश्न सहसा येत नाही. तरी 'सवलतीचं पॅकेज' म्हणून गळ्यात मारतात तेव्हा आत काय आहे ते एकदा वाचावं आणि पॅकेजशिवायचं भाडं मागावं. आम्ही ते मागितलं आणि मधल्या दर्जाच्या एका जहाजावर आलो. त्यावरही बार होते, जुगाराची खोली होती. गावात एकाने मला मशिदीच्या पायरीवर विचारलंच, "सर, असल्या ठिकाणी अब्बांना?" मी म्हटलं, ते तेहतीस वर्षं असल्याच ठिकाणी होते, आणि त्यांची नमाज मी कधी चुकलेली बघितली नाही.

एजंटाने हप्त्यांचीही सोय सांगितली. व्याज बघितलं आणि नको म्हटलं. लेकीने अर्धे, मी निवृत्तीच्या पैशातून अर्धे. भारतातून परदेशी सहलीचे पैसे भरताना टीसीएस म्हणून कर कापतात, तो आयकर विवरणपत्रात हिशेबाला धरता येतो. पावती जपून ठेवा, कुणी आपण होऊन सांगत नाही.

आता खोली. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि एका खोलीत दोघं धरून असतं. एकट्या माणसाला खोली हवी तर जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं. आम्ही चौघं, मी, पत्नी, लेक आणि अब्बा. जावयाला रजा नव्हती. म्हणून दोन खोल्या, पुरुषांची एक, बायकांची एक. जावयाला अब्बांसाठी सगळ्यांत महागडा सुइट घ्यायचा होता, अगदी वरच्या मजल्यावर, पुढच्या नाळेकडे, काचेच्या भिंतीचा. तसा नकाशा त्याने पाठवला. मी तो रत्नागिरीहून मोठ्या कागदावर छापून आणला आणि अब्बांसमोर ठेवला.

त्या दुपारी मी जे शिकलो ते कुठल्या एजंटाने सांगितलं नव्हतं. अब्बांनी भिंग घेतलं आणि मजल्यामागून मजला बोट फिरवत गेले. "ही जागा?" नाळेवरच्या सुइटवर बोट ठेवून ते हसले. जहाज लाटेवर चढतं-उतरतं ते पुढून. आणि जितकं उंच जाल तितका हेलकावा मोठा. "आमाला खलाशांना नाळेत झोपवीत. तिथं निजायचे आता हे लाख रुपये घेतात!" मागच्या टोकाला पंख्यांची थरथर. तळ्याच्या खालच्या खोलीत पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. नाचघराच्या वर झोप नाही. मग त्यांचं बोट मधोमध, खालच्या बाजूच्या एका मजल्यावर थांबलं. तिथे काही खोल्यांना वेगळा रंग होता, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की लाइफबोटीमुळे खिडकीतून दृश्य अडतं. या खोल्या स्वस्त असतात. क्रूझचा सल्ला देणारा प्रत्येक जण सांगतो की नकाशात हे नीट बघा, नाहीतर समुद्राऐवजी बोटीचा पत्रा बघत बसाल.

"ही घे," अब्बा म्हणाले.

"अब्बा, समोर बोट येते. दर्या दिसणार नाही."

"दर्या बघितलाय मी. बोट दिसंल ना?"

लेकीला हे पटवायला मला दोन दिवस लागले. तिला वाटलं, दादा पैसे वाचवतायत. थोडं तेही असेल. पण मला ते तेव्हा दिसलं नाही असं नाही: वरच्या काचेच्या सुइटमध्ये त्यांना कुणीतरी जिन्यावर अडवेल, ही भीती त्यांच्यात कुठेतरी उरलेली असावी. मी विचारलं नाही. आपल्या बापाला असलं विचारायचं कसं?

एक मात्र पक्कं करा. 'गॅरंटी' नावाने थोडं कमी भाडं सांगतात, त्यात खोली कंपनी ठरवते. तरुणांनी घ्यावी. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना खोलीचा नंबर हातात असला पाहिजे. चाकाची खुर्ची लागणार असेल तर रुंद दारांच्या खोल्या मोजक्याच असतात, त्या आधी भरतात. आणि ज्या बंदरात जहाज धक्क्याला न लागता लहान होडीतून उतरवतात, तिथे खुर्ची नेता येईलच असं नसतं. आमच्या वाटेवरची बंदरं, अबुधाबी, दोहा, मनामा, सगळी धक्क्याची होती. म्हणून तर आखात निवडलं. जायचं ठरलं २०२३ च्या फेब्रुवारीअखेर, रमजानच्या आधी. त्या समुद्रात क्रूझचा हंगाम थंडीचाच असतो.

मग आली कागदपत्रांची मुसीबत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम काढला की पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. अब्बांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच होता. त्याच नावाने त्यांनी अर्धं जग बघितलेलं. नवा पासपोर्ट काढेपर्यंत माझी रात्रीची झोप गेली, आणि मग बुकिंगवरचं नावही बदलून घ्यावं लागलं, कारण दोन्ही अक्षर न् अक्षर जुळावी लागतात. आपल्या कोकणातल्या जुन्या पासपोर्टांत हा घोळ फार आहे. बुकिंगआधी पहिलं तेच पान उघडा. सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे का, तेही त्याच वेळी.

दुसरा दणका एजंटाचा. निघायला बारा दिवस असताना व्हिसाचे कागद आले. एकदाच प्रवेशाचे. दुबईहून जहाज निघतं, दुसऱ्या देशांत जातं आणि दुबईत परत येतं, म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश झाला. एकेरी व्हिसावर आम्हाला धक्क्यावरूनच परत पाठवलं असतं. एजंट म्हणाला, "ते तुम्ही बघायला हवं होतं." आम्ही पैसे पुन्हा भरले. तोवर भाड्याची पूर्ण रक्कम जमा होती आणि रद्द केलं असतं तर त्यातलं जवळजवळ काही परत मिळालं नसतं. आमच्या दाभोळच्या मशिदीची कथा सांगतात ना, की विजापूरची शहजादी हजला निघाली, जहाज काही मिळेना, तेव्हा सोबत आणलेल्या पैशातून तिने मशीद बांधली. माझ्याकडे मशीद बांधण्याइतके पैसे नव्हते, म्हणून मी रोज एजंटाला फोन करत राहिलो. निघायच्या चार दिवस आधी दुसरे व्हिसे आले.

विम्याचं थोडक्यात. चौऱ्याऐंशीच्या माणसाचा विमा महाग पडतो आणि काही कंपन्या देतच नाहीत. जुने आजार लपवू नका. समुद्रातून आजारी माणसाला किनाऱ्यावर आणण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल घरच्या डॉक्टरसारखं नसतं.

आम्ही जहाजाच्या एक दिवस आधी दुबईला पोचलो. विमान लांबलं तर जहाज थांबत नाही. त्या मोकळ्या दिवशी अब्बांना पोर्ट रशीदला 'क्यूई टू' बघायला नेलं. १९६९ साली सेवेत आलेलं ते जहाज २००८ पासून दुबईत आहे आणि २०१८ पासून त्याचं हॉटेल झालंय. साउथॅम्प्टनला अब्बांनी ते शेजारच्या धक्क्यावर कितीदा पाहिलेलं. धक्क्यावर खुर्चीत बसून ते वरपासून खालपर्यंत बघत राहिले. आत जाऊ या म्हटलं तर नको म्हणाले.

आपल्या जहाजावर मात्र चढले. हलाल जेवणाचं आम्ही बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं होतं. तरी पहिल्या रात्री विचारलं तेव्हा कळलं की सगळं मांस हलाल नाही, सांगितलं तर वेगळं देतात. मासळीचा आम्हाला प्रश्न नव्हता. आम्ही शाफई, दर्यातलं सगळं चालतं. पण वाढप्याने आपण होऊन सांगितलं की त्या माशाच्या रश्श्यात व्हाइट वाइन आहे. त्याचे उपकार. जिलेटिनच्या मिठाया आम्ही बाजूला ठेवल्या. प्रवासात कसर होतीच, आणि शाफई असल्याने जोहर-अस्र, मगरिब-इशा जोडूनही पढता येत होतं. किब्ल्यासाठी लेकीच्या फोनमध्ये सोय होती. अब्बा खिडकीशी जाऊन ऊन बघत आणि जानमाज थोडी फिरवत. दोघांचं बहुधा जुळत असे.

निघण्याआधी सगळ्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत व्हावी लागते. पूर्वी लाइफजॅकेट घालून डेकवर रांगेत उभं करत. आता खोलीतल्या टीव्हीवर फिल्म बघायची आणि आपल्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवायचं. अब्बांना हे अजिबात आवडलं नाही. "सात लहान, एक लांब," ते फिल्ममधल्या भोंग्याबरोबर मोजत होते. मग माझी परीक्षा घेतली, आपल्या बोटीचा नंबर काय, जिना कुठला. मला नंबर आठवला नाही. रात्री पुन्हा विचारला.

पहिल्या दिवशी मोठ्या जिन्यापाशी ते थबकले होते, हे फक्त मी पाहिलं. लिफ्ट होती. लेक म्हणाली, "दादा, लिफ्टने." ते म्हणाले, "नको, चढतो." एक मजला, तिचा हात धरून, मध्ये दोनदा थांबून. संगमरवरासारख्या पायऱ्या, पितळी कठडा. वर पोचल्यावर त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि बोटं बघितली, पॉलिश नीट झालंय का ते.

टीप दिवसागणिक, माणशी बिलातच लागते, ती आधीच धरून चाला. अब्बांनी तरी खोली आवरणाऱ्या इंडोनेशियन मुलाला शेवटच्या दिवशी पाकीट दिलं. रोज सकाळी तो येण्याआधी यांनी आपली गादी आवरलेली असे, आणि तो मुलगा रोज ती उलगडून पुन्हा घालत असे. सात दिवस हे चाललं. दोघंही हटले नाहीत.

गावी परतल्यावर जुम्म्यानंतर लोक जमले. काय खाल्लं, काय बघितलं, दोहा कसं आहे, सगळे मलाच विचारत होते. एका म्हाताऱ्या खलाशाने अब्बांना विचारलं, "आणि जहाज?"

"बोटींची निगा बरी होती," अब्बा म्हणाले. "तारांना ग्रीस होतं."