फाटका आवाज

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा सोलापूरहून मैंदर्गीला आला, तेव्हा त्याच्या पाठीवर त्याच्याएवढीच लांब काळी पिशवी होती. पिशवीत इलेक्ट्रिक गिटार. जुनीच, पण स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतलेली. स्वारी अकरावीत आहे आणि रॉक संगीताच्या नादाने पार वेडी झाली आहे.

चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने विचारलं, "आत्या, अज्जांचा तो व्हॉल्व्हचा सेट आहे ना गं अजून?"

अज्जा म्हणजे आजोबा. आमचं गाव कर्नाटकच्या सीमेला लागून. त्यामुळे घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि भांडणात दोन्ही! अज्जा म्हणजे माझे वडील, अप्पा. पूर्वी पंचक्रोशीत कुणाचं लग्न असो, जत्रा असो की गणपती, अप्पांचे दोन कर्णे आणि अँप्लिफायर हजर असायचे. "हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री" हे माझ्या लहानपणचं अंगाईगीतच म्हणा ना! पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टरचे हलके सेट आले. अप्पांनी तेही वापरले, पण पहिला तीस वॅटचा व्हॉल्व्ह सेट काही विकला नाही. तो माळ्यावर चढला तो चढलाच.

"आहे. पण त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

शाळेत मुलं "का?" विचारतात तेव्हा मी कधी असं उत्तर देत नाही. त्या दिवशी दिलं. त्यामागे एक गोष्ट होती, आणि ती मी पंचवीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर सेट ओसरीवर! मागचा पत्रा काढलेला, शेजारी स्क्रूड्रायव्हर, आणि आमचे चिरंजीव पिन बोर्डात घालायच्या बेतात. मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या काकू धावत आल्या. भाचा गोरामोरा झाला. माझेच हात थरथरत होते.

मग मी त्याला ती गोष्ट सांगितली. मी चौथीत होते. अप्पा गावाला गेले होते. त्या सेटमध्ये दिवे लागतात ते आतून कसे दिसतात, हे मला बघायचं होतं. मी मागचा पत्रा काढला, सेट चालू केला, पोटभर बघितलं. मग शहाण्या मुलीसारखी पिन काढली आणि आत बोट घातलं. पिन काढलेली होती, तरीही असा झटका बसला, की मी भिंतीवर जाऊन आदळले! बोटाला फोड आला. अव्वाला सांगितलं, चुलीचा चटका बसला. पत्रा परत बसवला आणि गप्प राहिले.

"पिन काढल्यावर करंट कुठून आला?" भाच्याने विचारलं.

उत्तर मागून आलं. "आत साठलेला असतो."

अप्पा दारात उभे होते. त्यांना हल्ली फार कमी ऐकू येतं. आमची आरडाओरड त्यांना ऐकू आली नव्हती, पण उघडा सेट आणि माझा चेहरा बघून सगळं समजलं होतं.

ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. परत आलो, तर पत्र्याचा एक स्क्रू वाकडा बसलेला, आणि तुझ्या बोटाला फोड. म्हणून सेट माळ्यावर टाकला. तुला रागावलो नाही, पण समजावूनही सांगितलं नाही. चुकलंच माझं. आता बसा दोघं."

आणि मित्रांनो, आमचे अप्पा त्या दिवशी मास्तर झाले आणि मी विद्यार्थिनी!

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते आणि तिच्याभोवतीच्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या पत्र्यावर मोठा व्होल्टेज असतो, त्याच्या ओढीने ते तिकडे धावतात. मध्ये तारेची बारीक जाळी. अप्पांनी तिची तुलना शेतातल्या दाऱ्याशी केली. पाटाला धो धो पाणी असतं, पण दारं धरणारा माणूस खोऱ्याने चिमूटभर माती इकडची तिकडे करतो आणि पाण्याचा लोंढा वळतो. तसंच जाळीवर गिटारची क्षीण वीज आली, की पलीकडचा जोरदार प्रवाह तिच्या तालावर कमीजास्त होतो. यालाच आवाज वाढवणं म्हणतात. अशी जाळी अमेरिकेतल्या ली द फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमाराला प्रथम बसवली.

पत्र्याला लागणारा व्होल्टेज अडीचशेपासून चारशेपर्यंत असतो. तो स्थिर राहावा म्हणून आत मोठे कपॅसिटर असतात. ते पाण्याच्या टाकीसारखे. नळ बंद केला तरी टाकी भरलेलीच! मला झटका बसला तो या टाकीचा. ती रिकामी झाल्याचं मीटरने मोजून बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि मोजतानासुद्धा एक हात खिशात, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जाणार नाही. माझ्या साडीला खिसा कुठला? म्हणून मी एक हात पाठीमागे धरते.

"पण तुला हा सेट हवाय कशाला?" अप्पांनी नातवाला विचारलं.

भाचा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "अज्जा, व्हॉल्व्हचा आवाज मोठा केला की तो छान फाटतो! रॉकमध्ये तोच लागतो."

अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, आवाज फाटू नये म्हणून मी तीस वर्षं जिवाचं रान केलं! कीर्तनात आवाज फाटला म्हणून माझे पैसे कापले लोकांनी! आणि तू फाडायलाच बसलायस?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण भाच्याचं खरं होतं. व्हॉल्व्हकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम घेतलं, की आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. मूळ स्वरात आणखी वरचे स्वर मिसळतात आणि गिटार गुरगुरायला लागते. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या सहकाऱ्यांबरोबर १९६२ साली अमेरिकन फेंडर कंपनीच्या एका अँप्लिफायरवरून आपला पहिला अँप्लिफायर तयार केला. त्याचाच वंश पुढे रॉकच्या रंगमंचांवर भिंतीसारखा उभा राहिला.

'क्वीन' या प्रसिद्ध इंग्लिश वाद्यवृंदाचं आपल्या महाराष्ट्राशी नातं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांच्या मदतीने घरातल्या शेकोटीच्या जुन्या लाकडातून स्वतःची गिटार बनवली. हे काम त्यांनी १९६३ मध्ये हाती घेतलं. ती गिटार तो 'व्हॉक्स एसी ३०' या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर वाजवत आला आहे. शिवाय २००७ साली त्याने खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली! भाच्याला हे मी दोनदा ऐकवलं. का, ते त्याला बरोबर कळलं.

आता निवड करायची होती. तसा परदेशी अँप्लिफायर विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. भाच्याला तीस वॅटचा सेट हवा होता. अप्पांनी मान हलवली. ते म्हणाले, "फाटायला हवा तर व्हॉल्व्ह पूर्ण ताकदीला न्यावा लागणार. तीस वॅट पूर्ण म्हणजे घराची कौलं उडतील. तुला लहान हवा." आणि मग स्वतःच्या कानाला हात लावून हळूच म्हणाले, "कर्ण्याखाली बसून बसून हे गेले बघ. तेव्हा कुणी सांगितलं नाही."

कुणी काही बोललं नाही. एरवी मोठा आवाज म्हणजे मर्दुमकी मानणारा भाचासुद्धा.

मी फळा नसताना हिशोब मांडला. वॅट दहापट केले, तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा सेट पाच वॅटच्या फक्त दुप्पट मोठा! पाच वॅट खोलीला भरपूर होतात. आणि कानाचं गणित असं, की ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालेल, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं.

ठरलं, पाच वॅटचा. माळ्यावर एक व्हॉल्व्हचा रेडिओही होता. त्याची पेटी उंदरांनी खाल्लेली, पण ट्रान्सफॉर्मर चांगले. अप्पांनी आधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचून घेतली. त्यांची बाराखडीच आहे. पहिलं अक्षर 'ई' म्हणजे आतली तार ६.३ व्होल्टवर तापणारी. 'सी' म्हणजे तीन भागांचा छोटा व्हॉल्व्ह, दोन 'सी' म्हणजे एका नळीत असे दोन. 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारा दणकट व्हॉल्व्ह. आमच्या रेडिओत ईएल ८४ निघाला. एसी ३० मध्ये असे चार असतात! पहिलं अक्षर 'यू' असतं, तर अप्पांनी रेडिओ तिथेच बंद केला असता. तसल्या बऱ्याच रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो, पत्र्याच्या सांगाड्यात थेट घरातली वीज येऊ शकते. त्याला गिटार जोडणं म्हणजे मरणाला हात देणं.

एक ईसीसी ८३ मात्र विकत आणावा लागला. पूर्वी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत. आता ते रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात. जुने कपॅसिटर काढून नवे घातले, दोन पिनांची वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची बसवली. डाग देण्याचं काम मी आणि भाच्याने केलं, अप्पा चष्मा लावून प्रत्येक जोड तपासत. मोठ्या व्होल्टेजचा भाग एका अनुभवी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी जोडला. दिवाळीत सुरू झालेलं काम संक्रांतीला संपलं.

चालू करताना अप्पांनी दोन नियम घातले. स्पीकर जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि पहिल्यांदा वीज शंभर वॅटच्या बल्बमधून द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो, सेट वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मग त्याला बाजूला काढून सेट थेट जोडला. काचेत हळूहळू केशरी ठिपका दिसू लागला. मी चौथीत बघितला होता, तोच.

भाच्याने एक तार छेडली. स्वच्छ, गोड आवाज. मग बटण फिरवलं, आणि आवाज असा झक्क फाटला, की ओसरीवरचं मांजर पळालं!

अप्पा पुढे आले. त्यांनी लाकडी पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. भाचा वाजवत राहिला. थोड्या वेळाने अप्पा म्हणाले, "चांगला फाटलाय."

भाच्याने पुन्हा बटण वाढवायला हात नेला, अप्पांच्या कानाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.

बालमित्रांनो, तुमच्या घरच्या माळ्यावरही असा जुना रेडिओ असेल. तो जरूर बघा, कुणी वाजवला, कधी आणला, ते विचारा. पण मागचा पत्रा जाणत्या माणसाशिवाय उघडू नका. आणि पालकांनो, मूल "का?" म्हणालं, तर माझ्यासारखं "नाही म्हणजे नाही" म्हणू नका. वेळ काढून शेजारी बसा. अप्पांना आणि मला त्यासाठी पंचवीस वर्षं लागली.