लहान विणकामाचे दिवस

नागपुरात लोकरीचा ऋतू फार छोटा. दिवाळीनंतर पहाटे बोटं गारठायला लागतात, विधिमंडळ अधिवेशनाच्या धामधुमीत डिसेंबर निघून जातो, संक्रांतीपर्यंत गच्चीवरचं सकाळचं ऊन सोडवत नाही, आणि महाशिवरात्र आली की घरातली मोठी माणसं म्हणतात, थंडी शिव शिव करत गेली. याच शहराचा पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि मे महिन्यात तो ४७ च्या वर गेलेलाही आम्ही सोसला आहे. या दोन टोकांच्या मधे वसंत म्हणून जे काही वाट्याला येतं ते मोजक्या आठवड्यांचं. पहाटे पांघरूण लागतं, दुपारी पंखा. कडुनिंबाची पानं गळून अंगण भरतं, रामटेकच्या वाटेवर पळस फुलतो, मधेच एखाद्या संध्याकाळी गारपीट होते आणि दोन दिवस पुन्हा शाल काढावी लागते.

नेमक्या याच दिवसांत घरोघरी सुया पेटीत जातात. "काकू, आता उन्हाळा लागला, कोणासाठी विणता?" असं शेजारची सूनबाई मला दर वर्षी विचारते. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण विणणाऱ्या हाताला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच आहेत, असं माझं इतक्या वर्षांच्या विणकामानंतरचं ठाम मत आहे. फक्त वस्तू लहान घ्यायची.

लहान का, याचं पहिलं कारण मांडी. मोठ्या माणसाचा स्वेटर अर्धा विणून झाला की तो मांडीवर पांघरुणासारखा पसरतो. जानेवारीत त्याची ऊब हवीशी वाटते, फेब्रुवारी संपता संपता दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकला की तीच ऊब नकोशी होते. टोपी, मोजे, हातमोजे यांचा भार मांडीवर येतच नाही. सगळं काम दोन तळहातांत मावतं. दुसरं कारण घाम. तळहात ओलसर झाले की ॲक्रिलिकचा धागा ॲल्युमिनियमच्या सुईला धरून बसतो, सरकताना चिरचिरतो, आणि टाके नकळत घट्ट होत जातात. डिसेंबरात विणलेली मागची बाजू आणि मार्चमध्ये विणलेली पुढची बाजू शेजारी ठेवली, तर टाके तेवढेच असूनही रुंदीत फरक दिसतो. लहान वस्तू दोन-तीन बैठकींत संपते, म्हणून हाताचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो. बांबूच्या सुया मिळाल्या तर या दिवसांत त्याच घ्याव्यात. सकाळी नळ येऊन गेल्यावर आणि ऊन चढण्याआधीचा वेळ, किंवा दिवेलागणीनंतरचा. दुपारी सुया हातात घेऊ नयेत.

या दिवसांत लोकर विकत घ्यायचीही गरज नसते. हिवाळाभराच्या कामातून उरलेले अर्धे-मुर्धे गोळे असतात, आणि घरात कुणाचा तरी आखूड झालेला स्वेटर असतो. हातविणीचा स्वेटर उसवणं हा मला या कामातला फार आनंदाचा भाग वाटतो. आधी बाजूची शिवण कातरीच्या टोकाने अलगद सोडवायची, मग जिथे टाके बंद केले होते तिथून सुरू करायचं, म्हणजे धागा न अडखळता निघत येतो. कारण विणलेल्या कापडात धागा एकच असतो. मागावरच्या कापडासारखे उभे-आडवे धागे तिथे नसतात, एका फासातून दुसरा फास काढलेला असतो एवढंच. त्यामुळे स्वेटर ताणला जातो, अंगाला बसतो आणि हवा तेव्हा मोकळाही होतो. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगायची. वळ्या बऱ्याचशा सुटतात आणि लोकर पुन्हा विणायला तयार होते. यंत्रावरच्या स्वेटरची बाजू कापून शिवलेली असेल तर मात्र हे जमत नाही. प्रत्येक ओळीला तुकडा हातात येतो. म्हणून उसवण्याआधी शिवण उलटून बघावी.

आमच्या आईच्या पिढीत ही काटकसर अंगात मुरलेली होती. १९६२ च्या युद्धाच्या वेळी देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. नंतर लुधियानाचा तयार माल बाजारात इतका स्वस्त झाला की घरी विणण्याचं आर्थिक कारण उरलं नाही. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरची दुकानं थाटतात, तिथेही माल बराचसा लुधियानाचाच असतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, त्यामुळे ही माणसं विदर्भाला परकी नाहीत. गिऱ्हाईक नसताना त्यांच्यातल्या एखाद्या बाईच्या हातात सुया चाललेल्या दिसतात. मी तिथे हमखास थांबते. ती डाव्या हाताच्या बोटाभोवती धागा कसा घेते, माझ्यापेक्षा तिचा हात किती कमी हलतो, हे बघत राहावंसं वाटतं. थंडी ओसरली की दुकानं उठतात.

आता वस्तूंकडे वळते. माझ्या मते लहान विणकामातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नवजात बाळाची टोपी. बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं असतं आणि त्यातून उष्णता झपाट्याने जाते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाजवळ स्वतःला ऊबदार ठेवण्याइतकी चरबीच नसते. अशा बाळांसाठी जी 'कांगारू मदर केअर' पद्धत आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरतात, ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून ठेवायला सुरुवात केली. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, पायांत मोजे आणि डोक्यावर टोपी, एवढंच असतं. बाकीची ऊब आईची.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर. चार पदरी लोकर आणि आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. टोपी घेरापेक्षा थोडी कमी हवी, ताणून बसली तरच ती टिकते, म्हणून ६४ टाके घालायचे. त्यांची रुंदी २९ सेंटिमीटर होते. दोन सुलट दोन उलट अशी तीन सेंटिमीटरची पट्टी, मग एक ओळ सुलट एक उलट करत एकूण उंची १० सेंटिमीटर. त्यानंतर ओळीत दर सातवा-आठवा टाका एकत्र विणत आठ टाके कमी करायचे, एक ओळ साधी उलट, पुन्हा आठ कमी, असं आठच टाके उरेपर्यंत. त्यांतून धागा ओवून ओढला की माथा बंद. कमी वजनाच्या बाळासाठी ५६ टाके पुरतात, तिथे एका खेपेला सात टाके कमी होतात. पंचवीस ग्रॅमच्या एका गोळ्यात टोपी होते.

शिवण हा इथला कळीचा मुद्दा आहे. बाळ दिवसभर पाठीवर निजतं, टोपीची जाड शिवण डोक्याखाली येते आणि त्या कोवळ्या कातडीवर वळ उठतो. काठाला काठ लावून सपाट शिवावं, नाहीतर दोन्हीकडे टोक असलेल्या मोज्यांच्या सुयांवर गोल विणावं, म्हणजे शिवणच राहत नाही. गोंडा, बटण, रिबीन काहीही लावू नये. मोजे विणताना त्याहून अधिक जपावं. दोन रंगांची नक्षी काढली की आतल्या बाजूने धागे आडवे धावतात. बाळाचं बोट त्यांत अडकून धाग्याचा फास बसला तर बोटाचं रक्त अडतं, आणि बाळ का रडतं ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. म्हणून मोजे एका रंगाचे, आतून गुळगुळीत, टोकं आत नीट दडपलेली. जाळीची वीणही पायाला नको.

आणि एक गोष्ट आजीच्या वयाच्या बायकांना मुद्दाम सांगते. आपल्याकडे बाळाला फार गुंडाळतात. धडधाकट, पूर्ण दिवसांच्या बाळाला नागपूरच्या मार्च महिन्यात दुपारी लोकरीची टोपी घालू नये. त्याला उकडतं आणि ते सांगता येत नाही. टोपी पहाटेच्या गारव्यासाठी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा.

होळी झाली की मी लोकर बंद करून सुताकडे वळते. लोकरीचा आणि विणकामाचा संबंध आपल्या मनात इतका घट्ट आहे की सुती विणकाम दुय्यम वाटतं. पण दोन सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज शिल्लक आहेत, ते इजिप्तमध्ये सापडलेले मोजे सुती आहेत, पांढऱ्या आणि निळीच्या रंगातले. ही कला उष्ण, कोरड्या प्रदेशात वाढलेली आहे. मग आपण तर कापसाच्या गावात राहतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल इथे सुरू केली ती आसपास कापूस पिकतो म्हणून, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६ पासून इथेच आहे. अशा गावात सुया फक्त लोकरीसाठी राखून ठेवणं मला पटत नाही.

सुताचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. लोकर ताणली की परत येते, सूत ताणलं की बरंचसं तसंच राहतं. शिवाय ते ॲक्रिलिकपेक्षा वजनदार. सुती स्वेटर आपल्याच भाराने खाली उतरतो, बाह्या मनगटाखाली येतात. लहान वस्तूला स्वतःचा भार नसतो, म्हणून सुतासाठी लहान वस्तूच योग्य. सुई एक-दोन नंबर बारीक घ्यायची, म्हणजे दहा नंबर, ३.२५ मिलिमीटर, आणि हात थोडा घट्ट ठेवायचा. सूत ओलं झालं की अधिक बळकट होतं आणि पाणी भरपूर शोषतं. त्यामुळे भांडी पुसायचा रुमाल, अंग घासायचा हातमोजा, पाण्याच्या बाटलीची खांद्याला अडकवायची पिशवी या वस्तू सुतातच शोभतात. आणि माठावरचं क्रोशाचं झाकण! कडेला काचेचे मणी ओवलेलं गोल झाकण आमच्या लहानपणी दुधाच्या पातेल्यावर आणि माठावर असायचं. मणी शोभेसाठी नसतात, त्यांच्या वजनाने काठ खाली बसतो आणि पंख्याच्या वाऱ्याने झाकण उडत नाही. इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू रुखवतात मांडण्यापुरती उरली, याचं मला वाईट वाटतं. मार्चमध्ये नवा माठ घेतला की त्याच्या तोंडाच्या मापाने एक झाकण मी करतेच.

सुती विणकामाचा आणखी एक उपयोग अलीकडे कळला आणि मन भरून आलं. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी मऊ सुती धाग्याचे, आत मऊ भरण असलेले हलके कृत्रिम स्तन हाताने विणतात. परदेशात सुरू झालेलं हे काम मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन आपल्याकडे करते आणि ते गरजू स्त्रियांना विनामूल्य देते. तळहातावर मावणारी ही वस्तू. सिलिकॉनच्या महागड्या, जड साधनाने उन्हाळ्यात घामाने कातडी खराब होते, तिथे सूत सोसतं. विणकाम म्हणजे वेळ घालवण्याचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

ज्यांच्या घरी सुया आहेत त्यांना एवढीच विनंती, या वर्षी त्या पेटीत टाकू नका. खऱ्या लोकरीचे कपडे धुऊन, न पिळता, आडवे पसरून वाळवा आणि कसर लागू नये म्हणून वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांसह ठेवून द्या. सुया बाहेर राहू द्या. टोप्या रुग्णालयात द्यायच्या असतील तर आधी तिथल्या नवजात कक्षातल्या सिस्टरना विचारा: कुठलं माप हवं, लोकरीच्या चालतील की सुतीच हव्यात. मग विणा, धुवा, उन्हात वाळवा आणि प्रत्येकीवर घेराचं माप लिहून द्या. डिसेंबरच्या टोप्या डिसेंबरात विणायला घेतल्या तर उशीर होतो. त्या आत्ता, होळीच्या आधी, विणून व्हायला हव्यात.