मंत्रचळाचा गटोपचार

मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या गटोपचारात साधारण सहा ते दहा रुग्ण आणि एक-दोन उपचारक आठवड्यातून एकदा दीड-दोन तास एकत्र बसतात. हा क्रम बहुधा दहा-बारा आठवडे चालतो. ज्याची धास्ती वाटते त्याला सामोरे जायचे आणि नंतरची ठरलेली कृती करायची नाही, हा उपचाराचा गाभा. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये या पद्धतीची पायाभरणी केली.

पहिल्या बैठकीला बहुतेक जण अवघडून बसतात. हात धुणे, कुलूप ओढून पाहणे यांबद्दल बोलणे त्यातल्या त्यात सोपे. देवापुढे हात जोडताना मनात शिवी उमटते किंवा आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल असे वाटते, हे मात्र घरातही कुणाला सांगितलेले नसते. एकाने ते बोलून टाकले की दोघे-तिघे मान हलवतात आणि ‘हे फक्त मलाच होतं’ हा समज ढळतो. असे नकोसे विचार निरोगी माणसांनाही येतात, हे रॅचमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवले होते. पुस्तकातल्या या माहितीपेक्षा शेजारच्याची कबुली अधिक पटते.

मग सराव सुरू होतो. एक बाई स्वच्छतागृहाच्या कडीला हात लावते आणि तोच हात पदरावरून फिरवते. अस्वस्थता शंभरपैकी किती? ती ‘नव्वद’ म्हणते. हात धुवायचे नाहीत. ‘काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला कुणीही ‘नाही’ म्हणत नाही. घरचे मायेपोटी दिवसभर हेच उत्तर देतात आणि चळ पोसला जातो. गटातले म्हणतात, ‘माहीत नाही, थांबून बघू.’ स्वतः त्यातून गेलेल्यांनी दिलेला हा नकार रुग्णाला टोचत नाही. अर्ध्या तासाने आकडा साठावर येतो. कधी येतही नाही, तरी ती बसून राहते.

काहींना गट सोसत नाही. दुसऱ्याची भीती आपल्यालाही चिकटेल असे वाटते. मनातल्या मनात चालणारे जप आणि मोजणी इतरांच्या लक्षात येत नाही. तीव्र नैराश्य असेल तर आधी त्याकडे पाहावे लागते. बाकीच्यांच्या बाबतीत खरी कसोटी दोन बैठकांमधल्या सहा दिवसांची असते. घरचा सराव नेमाने करणाऱ्याला गुण येतो. नुसते बैठकीला येणाऱ्याला सोबत मिळते, उतार पडतोच असे नाही.