चकाकतं तितकं सारं

चाळिशी उलटली की माणसाने एखादा छंद लावून घ्यावा म्हणतात. बँकेतल्या आमच्या सहकाऱ्यांनी बागकाम, प्राणायाम असे निरुपद्रवी छंद धरले. मी भातकुलीच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात जुनं लेथ मशीन आणून बसवलं. "म्हैस निदान दूध तरी देत होती," हा सौभाग्यवतींचा शेरा.

कारण, बाबांची येझदी. किक मारायचा आणि गियर टाकायचा दांडा एकच, अशी ही काटकसरी गाडी. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदी हे नाव २०२२ साली बाजारात परत आलं खरं, पण नव्या गाडीचे भाग जुनीला कुठले लागायला! तेव्हा मी ठरवलं, गंजलेला एकेक नटबोल्ट घरीच करायचा, तोही स्टेनलेसचा. ३०४ नंबरचं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. बी. कॉम. माणसाला टक्केवारी लगेच पाठ होते.

साधं लोखंड गरीब खातेदारासारखं असतं. म्हणाल तिथे सही करतं. स्टेनलेस म्हणजे थकबाकीदार पुढारी. त्याच्यापुढे जरा घुटमळलात की तो कडक झालाच. बिट नुसतं घासत राहिलं, तर वरचा थर आणखी टणक होतो. उष्णताही लवकर आत पसरत नाही, बिटाच्या टोकाशीच साठते. म्हणून फेरे कमी, धार चांगली आणि काप ठाम हवा. बावीस वर्षं 'उद्या या' म्हणण्यात गेलेल्या माणसाला ठाम काप कुठून जमणार? पहिल्या बोल्टात तीन बिटं गेली.

मग स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट फिरवला. अर्ध्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी हॅक्सॉने कापला. बाबा ओट्यावरून बघत होते. "एकाच धातूचे दोघं घासले की असंच होते. मंधात ग्रीस लागते," म्हणाले. आमच्या घरात ते ग्रीस म्हणजे आई.

तरी मी हट्टाने मागच्या चाकाचा ॲक्सल केला. तीन रविवार घातले. आरशासारखा झाला, दाढी करावी त्यात! बाबांच्या हातात दिला. त्यांनी उन्हात धरून फिरवला.

"चमकते लय, बाबू. पन याच्यावर तुह्या मायले मांगं बसवून अमरावतीले नेशीन काय?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ॲक्सलसाठी तापवून, विझवून कडक केलेलं पोलाद वापरतात. ३०४ तसं कडक होत नाही. हे मी वाचलं होतं, फक्त चकाकीपुढे विसरलो होतो. बँकेत रकमेचा एक आकडा चुकला तर मी व्हाउचर परत करतो. इथे आई चुकत होती.

जुनाच ॲक्सल साफ करून बसवला. मडगार्डचे, नंबरप्लेटचे बोल्ट तेवढे स्टेनलेसचे. जिथे मिरवायचं तिथे मिरवावं. गेल्या रविवारी बाबा आईला मागे बसवून अमरावतीला जाऊन आले. मी फाटकाशीच उभा होतो, दोघं दिसेपर्यंत.

माझा ॲक्सलही वाया गेला नाही. आई त्याने मिरचीचा ठेचा कुटते. म्हणते, "एवढं मात्र चांगलं केलंस. गंजत नाही."