भाडं येईल हो, पण राहणार कोण?

नोकरी लागली की बाइक, दुसरं अप्रेझल झालं की फ्लॅट. त्यातही आपल्या पिढीचा लाडका प्लॅन म्हणजे ‘एक वन बीएचके घेऊन भाड्यानं देऊ, हप्ता भाडेकरूच फेडेल!’ ऐकायला एकदम सॉलिड. मी फ्रीलान्स पत्रकार, माझ्या खात्यात एक तारखेला काही जमा होत नाही. तरी मलाही मोह झालाच.

गेल्या दिवाळीत पिंपळनेरला गेले तेव्हा अप्पांपुढे विषय काढला. अप्पा रिटायर्ड शिक्षक. फंडाचे 15 लाख बँकेत आणि सटाणा रोडला एक छोटा प्लॉट, एवढीच त्यांची पुंजी. मी म्हटलं, हे पैसे डाउन पेमेंटला देऊन पुण्यात फ्लॅट घेऊ. अप्पा म्हणाले, प्लॉटवर दोन-दोन खोल्यांचे दोन सेट बांधू. पैसे तेच, आणि तेसुद्धा आई-अप्पांच्या म्हातारपणाचे. वाद तर होणारच!

मग वही काढली. फ्लॅट 60 लाखांचा. 45 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 39 हजार. भाडं धरलं 17 हजार, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 3 हजार. म्हणजे भाडेकरू असतानाही दरमहा 25 हजार माझ्या खिशातून. घर रिकामं पडलं तर 42 हजार!

अप्पा खूश. पण त्यांच्याही प्लॅनला मी सोडलं नाही. दोन सेटचा खर्च 14 लाख, भाडं प्रत्येकी साडेचार हजार. वर्षाला 1 लाख 8 हजार. एक महिना रिकामा, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती वजा केली की उरतात 91 हजार. साडेसहा टक्के! पण यात प्लॉट फुकट धरलाय. त्याचे 10 लाख मिळवले की परतावा चार टक्क्यांच्याही खाली. ‘आपलीच जागा आहे’ म्हणून ती फुकट नसते, अप्पा!

अप्पांनी वही मिटली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, “तठे कोन ऱ्हाई?” तिथं राहणार कोण? पिंपळनेरचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातल्या नर्स. पुण्याचं माझं उत्तर होतं, ‘कुणीतरी आयटीवाला.’

शेवटी ठरलं ते असं. सातबारा आणि एनएचे कागद तपासून आधी एकच सेट बांधायचा, सात लाखांत. उरलेल्या आठ लाखांना हात लावायचा नाही. पहिलं वर्ष नीट गेलं तर दुसरा सेट. नळ गळला तर अप्पांनी शिडी चढायची नाही, प्लंबरला फोन करायचा, ही आईची अट. पुण्याचा फ्लॅट कॅन्सल नाही, माझ्या स्वतःच्या डाउन पेमेंटपर्यंत पुढे ढकललाय.

तुम्हीही हिशेब मांडत असाल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. करार लेखी आणि रजिस्टर्डच करा, भाडेकरू ओळखीचा असला तरी. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात. दुसरं, भाड्यावर टॅक्स लागतो. पण भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं दाखवायचीही गरज नाही.

बाकी लोकेशन, व्ह्यू, क्लब हाऊस हे सगळं नंतर. सलग सहा महिने भाडेकरू मिळाला नाही तर हप्ता कोण भरणार? याचं उत्तर स्वतःच्या पासबुकात सापडलं, तर बिनधास्त घ्या. आई-वडिलांच्या पासबुकात शोधावं लागत असेल, तर अजून थोडं थांबा.