कुलूप लावलेला डोंगर

घराला कुलूप असतं, कपाटाला असतं, आजीच्या लाडवांच्या डब्यालाही असतं! पण अख्ख्या डोंगराला कुलूप लावलेलं कधी ऐकलंय? इंग्लंडमध्ये असा एक डोंगर होता. नाव त्याचं किंडर स्काउट. आज तिथं कुणीही जाऊ शकतं. ते कुलूप कसं उघडलं, ते या डोंगरावर चालता चालताच पाहू या.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध हा डोंगर पसरलेला आहे. उंची फक्त ६३६ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्यापुढे हा अगदीच बुटका! पण त्याला कमी लेखायचं नाही. वर टोकदार शिखर नाही, मैलोगणती सपाट पठार आहे. पायाखाली काळी, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी माती. हजारो वर्षं कुजलेल्या शेवाळाची ही माती, तिला पीट म्हणतात. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अनुभवी माणसंसुद्धा इथं होकायंत्र बरोबर ठेवतात.

पायथ्याच्या एडेल गावात आगगाडीनं उतरायचं. तिथून शेतांतून, मेंढरांच्या कळपांजवळून वाट निघते. जेकब्ज लॅडर नावाची खडी चढण आली की दम लागतो. पठारावर पोचलं की कडेकडेनं चालत किंडर डाउनफॉल हा धबधबा गाठायचा. सुमारे ३० मीटर उंचीवरून पाणी खाली पडतं. पण पश्चिमेचा जोराचा वारा सुटला, की तेच पाणी तुषार होऊन उलटं आकाशात उडतं! पावसाळ्यात नाणेघाटाजवळ उलटा धबधबा पाहिलाय ना? अगदी तस्सा.

आता त्या कुलपाची गोष्ट. हा डोंगर पूर्वी आसपासच्या लोकांना गुरं चारायला, ये-जा करायला मोकळा होता. एकोणिसाव्या शतकात तो कुंपणं घालून मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात गेला. जमीनदारांना तो हवा होता ग्राउज नावाच्या, तित्तिरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी. शिकार वर्षातले थोडे दिवस, पण माणसांना बंदी बाराही महिने. राखणदार दंडुके घेऊन पहारा करत.

इकडे मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. आपल्या गिरणगावासारखंच धूर, भोंगे आणि दाटीची वस्ती. कामगारांना सुट्टी रविवारची. त्या दिवशी स्वच्छ हवेत चालावं एवढीच त्यांची हौस. डोंगर तर समोर दिसतोय, पण पाऊल टाकायची सोय नाही!

मग काय करायचं? दोन प्रकारच्या माणसांनी दोन वाटा धरल्या.

पहिली वाट कागदपत्रांची. १८९४ साली जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. त्यांनी जमीनमालकांशी बोलणी केली, चिकाटीनं पाठपुरावा केला आणि १८९७ साली हेफील्ड गावातून डोंगराच्या बगलेनं पलीकडे जाणारी एक वाट सर्वांसाठी खुली करून घेतली. तिचं नाव स्नेक पाथ. ती संस्था आजही काम करते. तिच्या हिरव्या पाट्या त्या भागात जागोजागी दिसतात.

पण ही होती एकच चिंचोळी वाट. तिच्यावरून चाला, डावीकडे-उजवीकडे पाऊल टाकू नका! हे काही तरुणांना पटेना. २४ एप्रिल १९३२, रविवारचा दिवस. हेफील्डजवळच्या एका दगडखाणीत सुमारे चारशे तरुण जमले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन, वय अवघं २०, मोटार मेकॅनिक. रेल्वे स्टेशनवर पोलिस आपल्याला अडवतील हे ओळखून हा पठ्ठ्या सायकलनंच आला होता! मंडळी आधी त्या परवानगीच्या वाटेनं निघाली. मग खूण होताच वाट सोडून उतार चढू लागली. राखणदार आडवे आले, झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. पठारावर पोचून मंडळी परत फिरली, तेव्हा खाली पोलिस उभे!

यातली गंमत ऐका. दुसऱ्याच्या जमिनीवरून नुसतं चालणं हा त्या काळी तिथं फौजदारी गुन्हा नव्हता. ‘शिरणाऱ्यांवर खटला भरला जाईल’ अशा पाट्यांना लोक ‘लाकडी थापा’ म्हणत. म्हणून आरोप ठेवले गेले दंग्याचे आणि मारहाणीचे. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. बेनीला चार महिने.

चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा धडक मार्ग पसंत नव्हता. यानं आपली बोलणी बिघडतील, असं त्यांना वाटत होतं. पण शिक्षा इतक्या कडक झाल्या की अनेकांना तरुणांबद्दल सहानुभूती वाटू लागली. दोन्ही बाजूंचा रेटा वाढत गेला. १९४९ साली कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यानं सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायचा, असं ठरलं. १९५१ साली हा सारा प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान बनला. १९६५ साली एडेलहून निघणारी, ४०० किलोमीटरहून लांब पेनाइन वे ही वाट सुरू झाली. २००० सालच्या कायद्यानं अशा माळरानांवर वाट सोडूनही पायी फिरायचा हक्क मिळाला. आणि २००२ साली, त्या घटनेला ७० वर्षं झाली तेव्हा, जमीनदार ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या नातवानं आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली!

आज तिथं चालणारा हातात नकाशा ठेवतो. त्यावर हिरवी तुटक रेघ म्हणजे सर्वांच्या हक्काची पायवाट. काळी तुटक रेघ म्हणजे नुसती वाट आहे, हक्क असेलच असं नाही. फिकट पिवळा रंग म्हणजे मोकळं फिरायला परवानगी. लाल त्रिकोण म्हणजे लष्कराचा सरावाचा भाग. तिथं लाल बावटा लागला असेल तर पाऊलही टाकायचं नाही.

हक्काबरोबर जबाबदारीही आली बरं का! हजारो पावलांनी ओली माती खचू लागली, म्हणून दगडी फरशा टाकल्या. पेनाइन वेवरच्या कितीतरी फरशा बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीतून काढून आणलेल्या आहेत. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ जुलै, कुत्र्याला दोरी बांधूनच न्यावं लागतं.

आपल्याकडेही सह्याद्रीत कुठं अभयारण्य असतं, कुठं लष्कराचं कुंपण, तर कुठं कुणाची शेती. अशा वेळी कुंपणाखालून सरपटत जाणं म्हणजे शूरपणा नव्हे. अभयारण्य असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी घ्या. ‘प्रतिबंधित क्षेत्र’ अशी पाटी दिसली की मागं फिरा. तिथून फोटोही काढू नका. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, ‘काका, वर जायची गावची वाट कुठली?’ बहुतेक वेळा देवळाकडे किंवा पाण्याकडे जाणारी जुनी वाट निघतेच. आणखी एक करता येईल. आईबाबांबरोबर आपल्या गावचा महसुली नकाशा मिळवून पाहा. त्यात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट आणि दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. तुमच्या टेकडीवर जाणारी एखादी रेघ त्यात सापडते का? सापडली आणि आज ती वाट बुजलेली दिसली, तर ग्रामपंचायतीला एक पत्र लिहायला काय हरकत आहे?